गाडी कुणाची, ते आधी सांग

या वेळचं पत्र माजलगाव तालुक्यातून आलंय. थोडं कापून देते.

"ताई, नमस्कार. वय २७. दहावीनंतर आयटीआयला वायरमन केलं, पण पोट भरतंय लग्नाच्या शूटिंगवर. मित्राने दुबईहून आणलेला २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन माझ्याकडे आहे. आता मोठा घ्यायचं मनात आहे, एकाने ९०० ग्रॅमचा सेकंडहँड दाखवलाय. परवा एका ट्रेनिंगवाल्याचा फोन आला. ६५ हजारांत, सात दिवसांत सरकारमान्य ड्रोन पायलट, आणि मग महिन्याला लाख रुपये कुठे जात नाहीत, म्हणाला. पुढच्या बॅचला तीनच जागा शिल्लक आहेत म्हणे. वडील म्हणतात, एवढ्या पैशात ठिबकचं काम होईल. बायको बारावी झालीय, बचत गटाची सचिव आहे, ती म्हणते कर. घरची पाच एकर, त्यात दोन एकर ऊस, बाकी कापूस-सोयाबीन. पैसे आहेत, पण तेवढेच आहेत. काय करू? मला अरे-तुरे केलं तरी चालेल, माझी मोठी बहीण तुमच्याच वयाची असेल. – एक फोटोवाला"

अरे फोटोवाल्या,

तीनच जागा शिल्लक असतात. प्लॉटवाल्याकडेही तीनच असतात, मंगल कार्यालयाच्या तारखाही तीनच. मी आजवर कधी सात शिल्लक ऐकल्या नाहीत. तेव्हा ती घाई आधी डोक्यातून काढ. या महिन्याची बॅच गेली तर पुढच्या महिन्याची येईल, आणि फोनही तोच माणूस करील.

हे सर्टिफिकेट माझ्याकडे आहे. ३९व्या वर्षी काढलं. हौस म्हणून नाही. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने फवारणीचा ड्रोन घ्यायचं ठरवलं आणि संचालकांच्या बैठकीत 'उडवणार कोण' विचारल्यावर सगळे चहाच्या कपात बघायला लागले. मी कृषीची पदवीधर, शिवाय एकटी बाई, त्यामुळे माझ्या नावावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. म्हणजे माझ्या बाबतीत मशीन आधी ठरलं, सर्टिफिकेट नंतर आलं. तुझं उलटं चाललंय.

गावात एखाद्या पोराने हेवी लायसन्स काढलं की पारावर पहिला प्रश्न काय येतो? 'गाडी कुणाची?' मामाचा ट्रक असेल, कारखान्यावर चुलत्याची ऊस वाहतूक असेल, तर लायसन्स सोन्याचं. नाहीतर ते पाकिटात आधार कार्डाच्या मागे पडून राहतं. ड्रोनचंही तसंच आहे. तुझ्या सगळ्या पत्रात एकाच गोष्टीचा पत्ता नाही. सर्टिफिकेट घेऊन तू कुणाचं मशीन उडवणार?

आता नियम काय म्हणतो ते बघू, कारण फोनवाल्याने ते सांगितलं नसणार. आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. ड्रोनचे पाच वर्ग वजनावर पाडलेत, आणि वजन म्हणजे वर लटकवलेल्या सामानासकट. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम, त्यावर लार्ज. नॅनो उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पैसे घेऊन उडवला तरी नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तर लागत नाही, धंद्यासाठी उडवला तर लागतं. स्मॉलपासून पुढे लागतंच. फवारणीचा १० लिटरचा ड्रोन भरलेल्या टाकीसह २५ किलोच्या जरा आत बसवलेला असतो, म्हणजे तो स्मॉल.

म्हणजे बघ, आज तू लग्नात जो उडवतोस त्यासाठी तुला हे सर्टिफिकेट लागतच नाही. फक्त एक खोच आहे. तुझा ड्रोन २४९ ग्रॅमचा असेल आणि वऱ्हाडातल्या पोरांच्या बोटांना लागू नये म्हणून तू पंख्यांना गार्ड लावत असशील, किंवा जास्त टिकणारी बॅटरी घातली असशील, तर तो २५० च्या वर गेला. मग तो नॅनो राहिला नाही, आणि लग्नाचे पैसे घेतलेस म्हणजे धंदा झाला. किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर एकदा गार्डसकट ठेवून बघ. मी चेष्टा करत नाहीये.

सर्टिफिकेटला आरपीसी म्हणतात, म्हणजे रिमोट पायलट सर्टिफिकेट. आधी याला लायसन्स म्हणत आणि ते डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, द्यायचं. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीत लायसन्स गेलं, आता डीजीसीएने मान्यता दिलेली प्रशिक्षण संस्थाच शिकवते, परीक्षा घेते आणि पोर्टलवरून सर्टिफिकेट देते. वय १८ ते ६५, दहावी पास, एवढीच पात्रता. पूर्वी पासपोर्ट मागायचे. सप्टेंबर २०२३ पासून तो लागत नाही, मतदार कार्ड, रेशन कार्ड, गाडीचं लायसन्स चालतं. सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं, मधल्या उजळणीची अट पाळून. पात्रतेत तू बसतोस. तुझी बायकोही बसते, आणि हे मुद्दाम म्हणतेय, पुढे येतेच त्याच्याकडे.

पण त्याआधी ती गोष्ट, जी लोकांना पैसे भरून झाल्यावर कळते. आरपीसी हा माणसाचा कागद आहे. मशीनचे कागद वेगळे. गाडीचं जसं पासिंग असतं, नंबर प्लेट असते, तसं ड्रोनच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागतं आणि प्रत्येक नगाला स्वतःचा नंबर लागतो, त्याला यूआयएन म्हणतात. नॅनोला टाइप सर्टिफिकेट माफ आहे, मायक्रोला नाही. आणि ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायलाच बंदी आहे. सुटे भाग येऊ शकतात, अख्खा ड्रोन नाही. संशोधन, संरक्षण, सुरक्षा एवढ्यांसाठी अपवाद, आणि लग्नाचं शूटिंग कितीही युद्धासारखं झालं तरी ते संरक्षणात मोडत नाही.

मग तो ९०० ग्रॅमचा सेकंडहँड कुठे बसतो ते तूच बघ. त्याचं बिल माग. यूआयएन माग. विकणारा 'सगळे असेच उडवतात' म्हणाला, तर तुला उत्तर मिळालं. तुझ्या खिशात आरपीसी असलं तरी पासिंग नसलेली गाडी लायसन्सवाल्याने चालवली म्हणून कायदेशीर होत नाही. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत आहे, शिवाय मशीन पोलीस ठाण्यात. भर मांडवातून मशीन उचलून नेलं की पुढच्या वर्षीच्या सुपाऱ्या गेल्याच. मित्राने दुबईहून आणलेला तुझा छोटाही २०२२ नंतरचा असेल तर आणणंच नियमात बसत नव्हतं. ते झालं ते झालं, पण त्याच वाटेवर आणखी पैसे घालू नकोस.

लग्नाचं बोलतोच आहोत तर जागेचंही सांगते. माजलगावात तुला मोकळं आकाश आहे, नकाशावर हिरवा दाखवलेल्या, परवानगी न लागणाऱ्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत. पण सीझनमध्ये तू संभाजीनगरच्या बीड बायपासवरच्या लॉन्सच्या ऑर्डरी घेत असणार. तिथून चिकलठाण्याचा विमानतळ किती लांब आहे? विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय एक फूटही तुझा नाही. आठ ते बारामध्ये २०० फुटांपर्यंत. हा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर फुकट दिसतो. ड्रोन नॅनो असला, सर्टिफिकेट लागत नसलं, तरी नकाशा सगळ्यांना एकच.

तर लग्नांसाठी आरपीसी काढू का, याचं माझं उत्तर नको असं आहे. नॅनोला लागत नाही, आणि तू ज्याला लागतं असं मशीन घ्यायला निघालायस त्याचे कागद होणार नाहीत. टाइप सर्टिफिकेट असलेले देशी कॅमेरा ड्रोन आहेत, पण ते मुख्यतः सर्वेक्षणाच्या आणि पोलिसांच्या कामासाठी बनतात, आणि त्यांची किंमत नवरीच्या बापाला परवडेल अशी नाही.

राहिली फवारणी. फोनवाला जे लाख रुपये म्हणाला ते इथले. मी तुला आमच्या कंपनीचा हिशोब देते, दुसऱ्याचं मला माहीत नाही. आम्ही पायलटला हंगामात दिवसाला ८०० देतो आणि वर एकरामागे ३०. चांगल्या दिवशी १५ एकर होतात. वीस-पंचवीस म्हणणारे भेटतील तुला, त्यांचे प्लॉट सलग असतात किंवा जीभ. म्हणजे दिवसाचे १,२५०. आता दिवस किती? पाऊस सोड, वाऱ्याचे दिवस सोड, 'उद्या या' म्हणून परत पाठवलेले सोड. गेल्या वर्षी आमचे खरोखर उडालेले दिवस सत्तर भरले. सत्तर गुणिले साडेबाराशे, ८७,५००. वर्षाचे. तो महिन्याचे म्हणाला होता.

स्वतःचं मशीन असेल तर गणित बदलतं. एकरी ४५० धरले तर त्याच सत्तर दिवसांचे पावणेपाच लाखांच्या जवळ जातात. त्यातून मदतनीस, पिकअप, जनरेटरचं पेट्रोल, विमा, पंखे, नोझल आणि बॅटऱ्या जातात. बॅटरीचा सेट काही शे वेळा चार्ज झाला की फुगायला लागतो, आणि तो स्वस्त नसतो. पुन्हा उधारी. सोयाबीन विकल्यावर देतो म्हणणाऱ्याचं सोयाबीन कधी विकतं ते तू शेतकऱ्याचा पोरगा आहेस, तुला सांगायला नको. आमच्या हातात दोन-सव्वादोन लाख उरले, हप्ता अजून द्यायचा होता.

तरी हा धंदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये चार दिवसांची झड लागून उघडली की काळ्या रानात वाफसा नसतो, ट्रॅक्टर जात नाही, माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुततो, आणि अळी मात्र वाट बघत नाही. तेव्हा आमचा फोन खाली ठेवता येत नाही. तुझ्याकडे ऊस आहे. पाच-सहा फुटांच्या वर गेलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरलेला माणूस कसा बाहेर येतो, हात-तोंड कापलेला, ते तू पाहिलंयस. ऊस हे ड्रोनचं खरं पीक. कपाशीत माझा अनुभव तितका चांगला नाही. वरून फवारलेलं खालच्या पानांच्या पाठीपर्यंत पोचत नाही आणि पांढरी माशी नेमकी तिथेच बसलेली असते.

काम कसं असतं तेही ऐक, कारण यूट्यूबवर फक्त उडताना दाखवतात. पहाटे साडेचारला पिकअप भरायची. वारा उठायच्या आत काम उरकायचं, दहा-साडेदहानंतर बहुतेक दिवशी उडवण्यात अर्थ नसतो, मग पुन्हा चारनंतर. एक टाकी म्हणजे साधारण एक एकर, सात-आठ मिनिटं हवेत. उतरला की बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापलेली असते. ती लगेच चार्जिंगला लावायची नाही, पाण्याच्या बादलीजवळ सावलीत निवू द्यायची. सगळा दिवस या बॅटऱ्यांच्या फेऱ्यांवर चालतो, उडवणं त्यातल्या त्यात आराम.

आणि औषध. पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला दहा. औषधाची मात्रा एकराला तेवढीच. म्हणजे ड्रोनच्या टाकीतलं द्रावण पंधरा-वीस पट कडक असतं. २०१७ साली यवतमाळला फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले, ते विसरण्यासारखं नाही. ड्रोनमुळे माणूस फवाऱ्यातून बाहेर आला हे खरंच मोठं काम झालं. पण टाकी भरणारा पोरगा त्या कडक द्रावणाशी दिवसातून पंधरा वेळा खेळतो. माझ्याकडे हातमोजे आणि मास्कशिवाय झाकण उघडलं की त्या दिवसाची मजुरी कापते. मला त्यावरून नावं ठेवतात, ठेवू देत.

शेजारचं रानही बघावं लागतं. तुमच्या बीड जिल्ह्यात रेशीम वाढलंय. शेजारी तुती असेल आणि वाऱ्याने कीटकनाशकाची झुळूक तिकडे गेली, तर तो पाला खाऊन अळ्यांची अख्खी बॅच बसते. नॅनो सोडून सगळ्या ड्रोनला तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. पण उडालेल्या औषधाने झालेलं नुकसान त्यात बसतं का, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरात शोधावं लागतं. मी तुती दिसली की वारा पडेपर्यंत बॅटरीच जोडत नाही.

माझा एकदा अपघात झालाय. पहिल्या हंगामातला तिसरा दिवस. विजेच्या तारा मी बघितल्या होत्या, खांबही नोंदवला होता, पण खांबाचा ताण दिसला नाही. गवतात उतरणारी ती एकच तिरकी तार. एक पंखा तिला लागला आणि दहा लिटर औषधासकट मशीन सोयाबीनमध्ये. कुणाला इजा झाली नाही. दोन पंखे, एक आर्म आणि अर्धा हंगामभर पुरतील एवढे टोमणे, एवढ्यावर भागलं. वायरमनच्या डोळ्याला तो ताण आधी दिसला असता.

म्हणूनच तुझ्या पत्रात मला कॅमेऱ्यापेक्षा वायरमन जास्त भरवशाचा वाटला. तू ते एका ओळीत टाकून पुढे गेलास. मराठवाड्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून गावोगाव सोलरचे प्लांट उभे राहतायत. पॅनेल खराब झालं की ते शेजाऱ्यांपेक्षा जास्त तापतं, आणि थर्मल कॅमेरा लावलेल्या ड्रोनने ते वरून शोधता येतं. नुसता ड्रोन पायलट 'अमुक नंबरचं पॅनेल लाल दिसतंय' एवढंच सांगेल. वायरमन असलेला पायलट का लाल दिसतंय तेही सांगेल. लगेच काम मिळेल असं वचन मी देत नाही. पण तालुक्यात जो प्लांट झालाय त्याची देखभाल कुणाकडे आहे हे विचारायला पैसे लागत नाहीत. जा, आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन जा, आणि विचार की आरपीसी असलेला वायरमन त्यांना हवाय का.

आता तुझ्या बायकोकडे येते. ती 'कर' म्हणते. मी म्हणते, तिनेच का करू नये?

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के किंवा ८ लाखांपर्यंत अनुदान, मुदत २०२५-२६ पर्यंत. गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण. त्यात पाच दिवस पायलटचे, दहा दिवस खतं-औषधं फवारण्याचे. आणि बारकावा असा, की गटातल्या किंवा घरातल्या विजेच्या-फिटिंगच्या कामाची आवड असलेल्या माणसाला ड्रोन सहायक म्हणून शिकवायची सोय त्यात आहे. बायको गटाची सचिव, बारावी झालेली. नवरा वायरमन. अरे, ती योजना लिहिणाऱ्याने तुमचं घर बघून लिहिली की काय!

तेव्हा फोनवाल्याकडे जायच्या आधी दोघं मिळून तालुक्याच्या उमेद कार्यालयात, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारी अभियानाच्या कार्यालयात जा. तुमच्या प्रभागसंघाचं, म्हणजे गटांच्या वरच्या संघाचं, नाव यादीत आहे का, नवी यादी निघणार आहे का, किंवा तिच्या जागी दुसरं काही आलंय का, हे तिथे विचार. तोंडी उत्तरावर घरी येऊ नकोस. नाव नसलं तर दुसरं दार कृषी विभागाचं. यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात ड्रोनला महिला, अल्प-अत्यल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांसाठी ५० टक्के, कमाल ५ लाख, बाकी शेतकऱ्यांसाठी ४० टक्के, कमाल ४ लाख, आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद केलेली आहे. तुमची पाच एकर म्हणजे साधारण दोन हेक्टर, त्यामुळे अल्पभूधारकात बसत असाल. पण सातबारा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघ. तो वडिलांच्या नावावर असेल, तर ठिबकवाल्या वडिलांना आधी पटवावं लागेल. तिसरं दार, जवळच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं. कंपन्यांकडे अनुदानातून आलेले ड्रोन गोडाऊनमध्ये पायलटअभावी धूळ खात पडलेले मी स्वतः पाहिलेत. तिथे जाऊन सरळ विचार, तुमचं मशीन मी दोन हंगाम चालवतो, प्रशिक्षणाचा अर्धा खर्च कंपनी देईल का? आमच्याकडे कुणी असं विचारलं असतं तर मी ३९व्या वर्षी उन्हात आठचा आकडा काढत बसले नसते.

या तिन्हीपैकी कुठूनही 'हो, मशीन आहे, ये' असं पत्र, ठराव, निदान मेसेज आला, तर बिनधास्त प्रशिक्षण घे. मेच्या मध्यापर्यंत उरक, म्हणजे सोयाबीनच्या पहिल्या फवारणीला हात बसलेला असेल. एकाच दाराने हो म्हटलं आणि तेही बायकोला, तर ती जाईल, तू पिकअप चालव आणि बॅटऱ्या सांभाळ. यात कमीपणा वाटत असेल तर तो माझ्या सदरात मांडू नकोस, माझ्या सदराला ऐकू येत नाही. तिन्ही ठिकाणी नकार आला, तर ६५ हजार बँकेत राहू दे किंवा ठिबकला लाव. वडील काही चुकीचं बोलत नाहीयेत.

प्रशिक्षण घ्यायचंच ठरलं तर संस्था बघून घे. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत नाव आहे का ते पोर्टलवर स्वतः शोध, ब्रोशरवरचा अशोकस्तंभ बघू नकोस. 'ड्रोन टेक्नॉलॉजी', 'ड्रोन दुरुस्ती' असे कोर्सही असतात, ते आपल्या जागी चांगले, पण त्यांचा कागद म्हणजे आरपीसी नव्हे. सर्टिफिकेट कोणत्या वर्गाचं मिळणार ते लिहून घे. फवारणीला स्मॉल, पंख्यांचा प्रकार रोटरक्राफ्ट. मायक्रोचं सर्टिफिकेट घेऊन फवारणीचा ड्रोन उडवता येत नाही. फी माझ्या ऐकिवात तीस हजारांपासून पासष्टपर्यंत आहे, तुझा फोनवाला वरच्या टोकाला बसलाय. कृषी विद्यापीठंही यात उतरली आहेत, राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्यातलं एक. तिथली फी आणि तारीख विचारल्याशिवाय कुठेही पैसे भरू नकोस.

आणि एकच प्रश्न जोर देऊन विचार, माझ्या एकट्याच्या हातात रिमोट किती वेळ? मी जिथे शिकले तिथे एका मशीनवर अठरा जण होतो. चार दिवस पंख्याखाली हवामान, नियम, रेडिओवरची भाषा. मैदानावर माझ्या वाट्याला पहिल्या दिवशी अकरा मिनिटं आली, मी घड्याळ लावून मोजली. सिम्युलेटरवर सगळे राजे असतात. खऱ्या मशीनचं तोंड तुझ्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. तू काठी उजवीकडे ढकलतोस आणि ते तुझ्या डावीकडे जातं. आरटीओत मोटारसायकलने आठचा आकडा काढतो ना, तोच इथे हवेत काढायचा असतो. अर्ध्या आठपर्यंत सगळं ठीक, उरलेल्या अर्ध्यात मेंदू ऐकत नाही. तो हात बसायला अकरा मिनिटं पुरत नाहीत. माझा बसला तो नंतर, आमच्याच पडीक रानात, रिकाम्या टाकीत पाणी भरून. तुझ्या छोट्या ड्रोनवर तू आजपासूनच तो सराव कर, तोंड स्वतःकडे ठेवून. फुकटात अर्धा कोर्स होईल.

फोनवाला पुन्हा फोन करेल. त्याला 'माझ्यासाठी मशीन बघून द्या, फी लगेच भरतो' म्हण, आणि तो काय बोलतो ते मला पुढच्या पत्रात कळव.

ता.क. सराव संध्याकाळी करणार असशील तर आधी पोलीस पाटलाच्या कानावर घाल. २०२४ च्या पावसाळ्यात तुमच्या जिल्ह्यात रात्रीच्या ड्रोनची केवढी दहशत बसली होती ते आठवतं ना, लोक काठ्या घेऊन गच्चीवर जागत होते. आणि धरणाच्या भिंतीकडे कितीही सुंदर फ्रेम दिसली तरी तिकडे ड्रोन नेऊ नकोस.